वाटी की वजनकाटा?

घरातल्या पाककृतींची जुनी वही नव्यानं उतरवून काढायला बसलं की पहिला प्रश्न मापांचा उभा राहतो. वाटी, चमचा, मूठ, चिमूट हे तसंच ठेवायचं, की सगळं ग्रॅममध्ये आणायचं? हा वाद पुष्कळ घरांत होतो. इथे तो दोघींच्या तोंडी दिला आहे. आत्यानं अनेक वर्षं लग्नकार्याच्या स्वयंपाकाची कामं घेतली. तिचा हिशेब किलोचा. भाची नोकरी सांभाळून घरचा स्वयंपाक आणि सणावाराचं सगळं स्वतः करते. तिचा हात वाटीवर बसलेला. वही आजीची आहे. तिच्या प्रती पुण्यात, मेलबर्नला आणि न्यू जर्सीला राहणाऱ्या नातवंडांकडे जायच्या आहेत.

भाची : आत्या, मला वाटतं सगळी मापं वाटी-चमच्यातच ठेवावीत. आजीनं तशीच लिहिली आहेत, आपण तशाच करत आलो, आणि पदार्थ चांगले होतात.

आत्या : चांगले होतात, कारण तू आजीच्या हाताखाली शिकलीस. वाटी किती भरायची हे तिनं तुला दाखवलं, वहीत लिहिलं नाही. मेलबर्नला वही उघडणाऱ्या मुलीच्या शेजारी आजी नसणार. तिच्यासाठी ग्रॅम लिही.

भाची : पण आपला बराचसा स्वयंपाक प्रमाणाचा आहे. मोदकाच्या उकडीला जेवढी पिठी तेवढं पाणी. चकलीला जेवढी भाजणी तेवढं पाणी. सारणाला दोन वाट्या खोबरं, एक वाटी गूळ. भाताला दुप्पट पाणी. यात वाटी केवढी हा प्रश्नच येत नाही. वाटी लहान घेतली तर मोदक कमी होतील, बिघडणार नाहीत. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं, तेही वाटी-चमच्याच्या मापांत, आणि नव्यानं संसार मांडणाऱ्या कितीतरी मुली त्यावर स्वयंपाक शिकल्या. तेव्हा घरोघरी काटा कुठे होता? तराजू वाण्याकडे. घरात वाटी होती.

आत्या : प्रमाणाचं तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण प्रमाण टिकतं ते दोन्ही बाजूंना एकच वाटी, एकाच पद्धतीनं भरली तर. दोन वाट्या खोबरं म्हणजे दाबून की अलगद? गूळ किसलेला, चिरलेला, की ठेचलेला? तो काटा इकडे घे. रिकामी वाटी ठेवून शून्य कर. आता काठोकाठ पाणी भर.

भाची : १५० दाखवतोय.

आत्या : म्हणजे वाटी १५० मिलिलिटरची. पाण्याचं बरं असतं, एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम धरलं की स्वयंपाकघराचं काम भागतं. वाटी पुसून कोरडी कर. मैदा चाळणीतून अलगद पडू दे आणि वरून सुरी फिरवून सपाट कर.

भाची : ७४.

आत्या : ओतून टाक. आता रोज घेतेस तसा घे. डब्यात वाटी खुपसून उपस, मग सपाट कर.

भाची : ८९.

आत्या : आता ओट्यावर दोनदा आपट, खाली बसेल तेवढा पुन्हा भर आणि परत सपाट कर.

भाची : ९९. वाटी तीच, मैदा तोच, आणि २५ ग्रॅमचा फरक!

आत्या : पीठ हलकं असतं, कणांच्या मधे हवा भरलेली असते. हात बदलला की त्या हवेचा हिस्सा बदलतो. नानकटाईच्या पिठात एवढा फरक पडला तर एकीची पसरते आणि दुसरीच्या पिठाचा गोळाच वळत नाही. दोघी म्हणणार, आम्ही वहीत लिहिल्याप्रमाणेच केलं, आणि दोघी खरं बोलत असतील. माझ्या कामात तर हे परवडतच नसे. वाटीमागे १५ ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी चाळीस वाट्यांना ६०० ग्रॅम होतात. म्हणून आचाऱ्याची यादी किलोत असते.

भाची : मग भरायची पद्धत लिहू. अमेरिकेत हाच घोळ होता. बोस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपलं पुस्तक काढलं आणि कप सपाट, चमचाही सपाट, असा आग्रह धरला. तिथल्या घरांनी तो उचलला आणि आजही तिथे बहुतेक पाककृती कपातच लिहितात. काट्यावाचून अडलं नाही.

आत्या : आणि त्यांचा कप केवढा?

भाची : साधारण २३७ मिलिलिटर.

आत्या : मेलबर्नचा?

भाची : ऑस्ट्रेलियात २५० चा. जपानी कप २०० चा. आणि राइस कुकरसोबत येणारा छोटा कप १८० चा.

आत्या : चमचे?

भाची : चहाचा चमचा सगळीकडे ५ मिलिलिटर. मोठा चमचा आपल्याकडे आणि अमेरिकेत १५ चा, ऑस्ट्रेलियात मात्र २० चा.

आत्या : म्हणजे तू मोठा चमचाभर बेकिंग पावडर लिहिलीस तर न्यू जर्सीची मुलगी तीन चहाचे चमचे घालेल आणि मेलबर्नची चार. दोघींचे केक सारखे कसे होतील? ग्रॅम मात्र दोन्हीकडे एकच.

भाची : बरं, पिठाचं मान्य. पण जे दाणेदार आहे, ज्यात हवा फारशी कमीजास्त होत नाही, ते तरी वाटीनं चालेल? रवा आणि साखर घेऊ. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घे. सव्वा रवा, सव्वा साखर, सव्वा तूप. याहून सोपं प्रमाण नाही.

आत्या : हेच उदाहरण मी देणार होते. सव्वा काय? वाटी की किलो?

भाची : काहीही. सगळं सारखं.

आत्या : मोजून बघ.

भाची : सपाट वाटी बारीक रवा... १०५. साखर... १२६. पातळ तूप... १३५.

आत्या : आता गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे कोणी सव्वा किलो रवा घेतला आणि साखर, तूपही सव्वा-सव्वा किलो घेतलं, तर तिघांचं वजन सारखं. पण कोणी तेच वाटीनं सारखं घेतलं, तर सव्वा किलो रव्यामागे साखर जवळजवळ दीड किलो पडते आणि तूप एक किलो सहाशेच्या आसपास. दोन्ही शिरे प्रसादाचेच, दोन्ही चांगले. पण हे दोन वेगळे पदार्थ आहेत. एक जास्त गोड आणि तुपानं ओथंबलेला, दुसरा जरा कोरडा आणि मोकळा. आपल्या घरचा कुठला हे वहीत आलं पाहिजे.

भाची : आपल्या घरचा वाटीचा. आजीचा शिरा मुदीतून काढला की ताटलीत तूप दिसायचं.

आत्या : मग तसं स्पष्ट लिही. नुसतं ‘समप्रमाण’ लिहू नकोस. वजनानं सम आणि मापानं सम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लोक वाटीचे ग्रॅम करायला एकच आकडा शोधतात. एक वाटी म्हणजे किती ग्रॅम, असं विचारतात. त्याला उत्तर नाही. एक वाटी काय, हे आधी सांगावं लागतं. याच वाटीत पाणी १५०, तेल १३५ च्या पुढे, तांदूळ १२० च्या आसपास, मध मात्र २१० च्या वर.

भाची : पिठीसाखर तर आणखी हलकी असणार. थांब, तीही मोजते... ७७.

आत्या : आणि आख्खी साखर १२६. म्हणजे वाटीभर साखर दळलीस की दीड वाटीहून जास्त पिठीसाखर होते. आता आजीचे बेसनाचे लाडू काढ. काय लिहिलंय?

भाची : ‘दोन वाट्या बेसन, एक वाटी साखर दळून.’

आत्या : कोणी घाईत ते ‘एक वाटी पिठीसाखर’ असं उतरवून घेतलं तर लाडवातली साखर १२६ वरून ७७ वर येते. म्हणजे पाच भागांतले दोन भाग गेले. डाळीचंही तसंच. वाटीभर डाळ भिजवून आणि वाटीभर भिजवलेली डाळ यांत केवढा फरक! भिजलेली डाळ फुगलेली असते, वाटीत कमी मावते. नारळ, गूळ, शेंगदाण्याचं कूट, सगळीकडे हीच गोष्ट. माप करण्याआधी घ्यायचं की नंतर, हे लिहिणाऱ्यानं ठरवूनच लिहायला हवं. वजन घेतलंस तर दळण्याआधी आणि नंतर आकडा एकच राहतो. मिक्सरच्या भांड्याला चिकटलं तेवढंच जाईल.

भाची : हे पटलं. पण आता मी जरा मागे जाते. या वहीच्या सुरुवातीच्या पानांवर आजीची वाटी नाही, तिच्या सासूबाईंची मापं आहेत. भाजणीचं पान बघ. ‘एक शेर तांदूळ, मापटंभर हरभऱ्याची डाळ, चिपटंभर उडदाची डाळ.’ पुढे ‘छटाकभर धणे’. मसाल्याच्या पानावर तोळे आहेत. याचे ग्रॅम कर पाहू.

आत्या : तोळे आणि छटाक होतात. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर, ११.६६. पाच तोळ्यांचा छटाक, म्हणजे ५८ ग्रॅम. ऐंशी तोळ्यांचा शेर, ९३३ ग्रॅम. १९५६ चा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो टप्प्याटप्प्यानं बाजारात आला आणि हे सगळं मागे पडलं. पण तांदळाचा शेर त्यातला नव्हे. तो धान्य मोजायचा शेर, मापाचा.

भाची : तेच म्हणते मी. मापाचा शेर गावोगाव थोडा वेगळा. त्या घरातलं माप आज कुठे आहे कोणाला ठाऊक? ते भांडं हातात आल्याशिवाय तुझा काटा काहीच करू शकत नाही. आणि तरीही मी ही भाजणी आज करू शकते! दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. म्हणजे चार भाग तांदूळ, दोन भाग हरभऱ्याची डाळ, एक भाग उडदाची. शेर हरवला, मापटं हरवलं, चार-दोन-एक हरवलं नाही. धान्याची जुनी मापं दुपटीनं वाढत जायची : चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली. त्या माणसांच्या डोक्यात प्रमाण पक्कं होतं म्हणून भांडी तशी घडवली. आजीनं ग्रॅम लिहिले असते तर आपण नुसते आकडे पाठ केले असते. तिनं भाग लिहिले म्हणून पदार्थ कसा बांधला आहे ते कळतं.

आत्या : हे मात्र मोठं बोललीस. आचारीही तसाच चालतो. किलोत यादी करतो, पण डोक्यात भागच असतात. पुरणाला डाळीएवढा गूळ. दोन किलो असो की वीस किलो, त्याला कागद लागत नाही.

भाची : म्हणजे प्रमाण माझ्या बाजूला.

आत्या : प्रमाण कोणाच्याच बाजूला नाही. भाग वाटीचे करता येतात तसे वजनाचेही. मी एवढंच म्हणते, भाग वजनाचे धरलेस तर हातानुसार बदलणार नाहीत.

भाची : पण धान्य पिठासारखं हवा धरत नाही. तांदूळ, डाळ, गहू कोणीही मोजले तरी सपाट वाटीत फार फरक पडत नाही. तुमचा तो शीग लावलेला शेर वेगळा...

आत्या : शीग लावायची की सपाट द्यायचं यावर बाजारात भांडणं व्हायची. मापात पाप उगीच म्हणत नाहीत. पण खरंय, धान्य सपाट मोजलं तर वाटी विश्वासाची आहे. भाजणी भागांतच ठेव.

भाची : आता पातळ पदार्थ. पाणी, दूध, तेल, ताक. हे तरी वाटीचं राज्य मान?

आत्या : मानते. पातळ पदार्थ वाटीत स्वतःच सपाट होतो, त्यात हवा राहत नाही. फक्त वाटीचं माप माहीत हवं. आणि तेलाचं एक लक्षात ठेव. लिटर म्हणजे किलो नव्हे. एक लिटरच्या पिशवीवर वजन ९१० ग्रॅमच्या आसपास लिहिलेलं असतं. तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९३. काही कंपन्या पिशवीवर जास्त तापमान छापायच्या, म्हणजे तेवढ्याच लिटरमध्ये तेल वजनानं कमी. म्हणून २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं सांगितलं की तापमानाचा उल्लेख न करता लिटर छापा आणि वजनही छापा. चिवड्याला चमचाभर तेल कमीजास्त झालं तर कोणाला कळत नाही. पण दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेणाऱ्या बाईनं लिटर आणि किलो एकच धरले तर तिचा भाव चुकतो.

भाची : मग आता लोणचं. हे पान मला अवघड वाटतं. ‘एक किलो कैरी, एक वाटी मीठ.’

आत्या : या वहीतली मला सगळ्यांत धोक्याची वाटलेली ओळ हीच. एका बाजूला किलो, एका बाजूला वाटी. तुझं प्रमाणाचं सूत्र इथे संपलं, कारण किलो वाटीबरोबर लहानमोठा होत नाही. बारीक मीठ भारी असतं. १०० मिलिलिटरची वाटी असेल तर १२० ग्रॅम बसेल, २०० ची असेल तर २४०. एकीच्या लोणच्याला मीठ कमी पडून बुरशी येईल, दुसरीचं तोंडात घालवणार नाही. त्यातून खडे मीठ घेतलं तर खड्यांच्या मधे फटी राहतात, त्याच वाटीत कमी बसतं. आणि लोणच्यात मीठ नुसतं चवीला नसतं, टिकण्यासाठी असतं.

भाची : आणि कैरीही वाटीनं मोजता येत नाही. फोडी केवढ्या चिरल्या त्यावर मधली पोकळी ठरते.

आत्या : म्हणून इथे दोन्ही वजनानं. किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ. आपल्या घरचं लोणचं खारट बाजूचं, तेव्हा दोनशे लिही. फोडींचं वजन कोय काढून, पुसून कोरड्या केल्यावरचं, हेही लिही.

भाची : लिहिते. अंड्याचा केकही यातच येईल, नाही का? अंडं वाटीनुसार लहान होत नाही. केकचं भांडं, दुधाच्या पावडरचं पाकीट, घट्ट दुधाचा डबा, काहीही ठरलेल्या आकाराचं आलं की बाकीचं वाटीत ठेवून चालणार नाही.

आत्या : बरोबर. पाककृतीत एक जरी वस्तू ठरीव आली तर सगळं ठरीव करायचं.

भाची : आता माझी पाळी. फोडणीचं काय करशील? पाव चमचा हिंग, अर्धा चमचा हळद, चिमूटभर सोडा. यांचे ग्रॅम लिहिणार?

आत्या : लिहून उपयोग नाही. घरचा काटा एक ग्रॅमच्या टप्प्यानं चालतो. पाव चमचा सोडा ग्रॅम-सव्वा ग्रॅम भरेल, त्यात काट्याची चूकच अर्ध्या ग्रॅमची. तिथे ५ मिलिलिटरचा सपाट चमचा काट्यापेक्षा खरा.

भाची : आणि भाताचं पाणी? तू अगदी ग्रॅममध्ये तांदूळ आणि मिलिलिटरमध्ये पाणी लिहिलंस तरी नवा तांदूळ आणि जुना तांदूळ सारखं पाणी पीत नाहीत. जुन्याला जास्त लागतं. आजी तांदळावर बोटाचं पेर बुडेल एवढं पाणी ठेवायची आणि तांदूळ नवा असला की थोडं कमी करायची. कणकेचंही तेच. पावसाळ्यात पीठ दमट असतं, तेवढंच पाणी घातलं तर कणीक सैल होते. तुझा काटा त्या दमटपणालाही पीठ म्हणूनच मोजतो.

आत्या : मोजतो. काटा वजन सांगतो, पिठाची प्रकृती सांगत नाही. अशा ठिकाणी आकड्याला शेवटचं ठरवू नये. पाणी ‘एवढ्यापासून सुरू करा आणि गोळा असा झाला की थांबा’ असं लिहावं. पण त्यातही सुरुवातीचा आकडा हवाच. नवख्या माणसाला नुसतं ‘लागेल तेवढं पाणी’ म्हटलं की ते कोरडं तरी राहतं नाहीतर पाणी जास्त होतं.

भाची : रव्याच्या लाडवांच्या पाकाचंही असंच वाटतं मला. साखर दोन वाट्या असेल तर पाणी एक वाटी, अशी भांडणं होतात. खरं तर पाण्याला एवढं महत्त्व आहे का?

आत्या : अजिबात नाही. साखर भिजून वर थोडं येईल एवढं पाणी पुरतं. जास्त झालं तर आटायला वेळ लागेल, एवढंच. एकतारी पाक झाला म्हणजे त्यात किती पाणी उरलं हे ठरतं, मग तू सुरुवातीला किती ओतलं होतंस याला अर्थ राहत नाही. महत्त्व दोन गोष्टींना : रव्याला साखर किती, आणि तार कितीची. पहिली वजनात लिही, दुसरी बोटांच्या चिमटीत कशी दिसते ते लिही. पाण्याच्या मापात जीव अडकवायचं कारण नाही.

भाची : आत्या, मग आपला वाद वाटी की काटा असा उरलाच नाही. प्रत्येक पदार्थात एखाद-दुसरं माप असं असतं ज्यावर सगळं उभं असतं. लोणच्यात मीठ, लाडवात साखर, नानकटाईत मैदा, भाजणीत धान्यांचे भाग. बाकीची मापं सैल असली तरी चालतात. आजीला हे ठाऊक होतं. तिनं लिहिलं नाही, कारण शिकणारी तिच्या समोर होती.

आत्या : आणि आता समोर कोणी नाही, म्हणून ते कागदावर यायला हवं. पाककृती लिहिणं म्हणजे कुठलं माप काटेकोर हवं आणि कुठलं सैल चालेल हे सांगणं. सगळंच ग्रॅममध्ये लिहिलं तर माणूस कोथिंबीरही तोलत बसेल आणि साखरेचा फरक त्याला कोथिंबिरीएवढाच वाटेल. सगळंच वाटीत लिहिलं तर मीठही अंदाजानं पडेल.

भाची : मग असं ठरवू. वहीच्या पहिल्या पानावर आपल्या वाटीचं माप. ‘या वहीतली वाटी म्हणजे १५० मिलिलिटर, सपाट भरलेली. चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा चमचा १५ चा.’ त्याखाली या वाटीत काय किती ग्रॅम बसतं त्याचा तक्ता. आणि पीठ मोजायचं असेल तर चमच्यानं अलगद भरून, सुरीनं सपाट करून.

आत्या : तक्त्याखाली एक ओळ घाल. आपापली वाटी पाण्यानं भरून तोला, म्हणजे ती किती मिलिलिटरची ते कळेल. मग आपल्या वाटीचा आपला तक्ता करा, कारण रव्याचा जाडेपणा आणि साखरेचा दाणा सगळीकडे सारखा नसतो. परदेशात बारीक दाण्याची साखर मिळते, ती वाटीत थोडी वेगळी भरते.

भाची : मग प्रत्येक पाककृतीत जे माप कळीचं आहे ते वजनात, ठळक. धान्याचे आणि पातळ पदार्थांचे भाग वाटीत. फोडणी आणि सोडा चमच्यात. पाणी सुरुवातीच्या आकड्यानं, आणि कुठे थांबायचं ती खूण शब्दांत. शिऱ्याचं पान लिहून बघू?

आत्या : लिही.

भाची : ‘प्रसादाचा शिरा, आपल्या घरचा. बारीक रवा सव्वा वाटी, म्हणजे १३० ग्रॅम. साखर सव्वा वाटी, म्हणजे १६० ग्रॅम. पातळ तूप सव्वा वाटी, म्हणजे १७० ग्रॅम. ही तिन्ही मापं वाटीनं सारखी आहेत, वजनानं नाहीत. किलोनं करायचा असेल तर हे ग्रॅम त्याच पटीत वाढवा, तिन्ही सारखे घेऊ नका. उकळतं दूध अडीच वाट्यांपासून सुरू करा. रवा फुलून पळीवरून सुटा पडला की थांबा. पिकलेलं केळं एक, लहान-मोठं चालेल. वेलची आवडीप्रमाणे.’

आत्या : छान. कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे हात मोकळा सोडायचा, दोन्ही कळतं. दुधाचं एक राहिलं. रवा किती भाजायचा ते लिहिलं नाहीस. कमी भाजलेला रवा चिकट होतो आणि दूध वेगळं पितो.

भाची : ‘मंद आचेवर, तुपात, खमंग वास येऊन रंग बदामी होईपर्यंत.’ किती मिनिटं ते लिहू?

आत्या : लिही, पण रंगाच्या नंतर. मिनिटं गॅसच्या आचेवर आणि कढईच्या बुडावर ठरतात. रंग सगळ्यांकडे सारखाच दिसतो.

भाची : मग असंच पानापानानं उतरवते. एक भीती वाटते, मला जे उघड वाटतं तेच मी लिहायला विसरेन.

आत्या : विसरशीलच, सगळ्याच विसरतात. म्हणून प्रती काढायच्या आधी प्रत्येक पान अशा कोणाला तरी दे ज्यानं तो पदार्थ कधीच केला नाही. तुझ्या भावाला दे, त्यानं शिरा कधी केलेला नाही. तू ओट्याशी उभी राहा, पण बोलू नकोस. ज्या ओळीवर थांबून तो तुझ्याकडे बघेल, तिथलं माप अपुरं आहे असं समज आणि ते तिथेच दुरुस्त कर.